आजारी भावाची बहीण
(काष्टी इथल्या महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



अपंग मूल असलेल्या घरी आपण जातो तेव्हा दाखला मिळाला का, निराधारचा पगार सुरू झाला का, गोळ्या चालू आहेत का, हे विचारतो. पाण्याचा तांब्या घेऊन मुलगी तिथेच उभी असते. तिला फार तर "कितवीत आहेस गं?" एवढंच. आज मला तिच्याबद्दल बोलायचंय.

आपल्याच भागातलं एक घर. नाव सांगत नाही. भाऊ १५ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे, फिट येतात. बहीण १२ वर्षांची. आई सकाळी खुरपायला जाते ती दिवस कलताना येते. ती घरी थांबली तर रोज बुडतो, म्हणून मुलीची शाळा बुडते. आधी फक्त शनिवारी, कारण काष्टीच्या बाजाराला आईबाप दोघंही जातात. मग कांदा काढणीत. आता नाव पटावर आणि मुलगी घरी. थोरला भाऊही आहे बरं का. "आज तू थांब" असं त्याला कुणी म्हटलेलं नाही.

आईला दोष देऊ नका. बाईला झेपेनासं झालेलं काम लेकीकडे सरकतं, घरातल्या पुरुषाकडे जात नाही. त्याला आपण माया म्हणतो. माया आहेच, ती पोर भावावर जीव टाकते. पण वयात आलेल्या भावाची आंघोळ, त्याचे कपडे बदलणं तिनं का करावं? तिला कसं वाटतं ते ती बोलत नाही, आई आधीच थकलेली असते. "मलापण हे होईल का?" हा प्रश्नही ती गिळून टाकते.

फिट आली की ती चप्पल हुंगवते, कारण तिनं तेच पाहिलंय. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, पाच मिनिटांच्या वर चालली तर दवाखाना गाठायचा, फिट लागट नसते, हे दवाखान्यात सांगितलं जातं ते बापाला. फिट येते तेव्हा घरी असते ती.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्यांमध्ये घरची माणसंही धरली आहेत, पैसे मिळोत न मिळोत. जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूदही आहे. ती मागितली पाहिजे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्यांना १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. आईबाप किंवा नातेवाईक जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करतात. जमीन असली की अर्जावर भावाचं नाव, नसली की बहिणीचं, असं मी पाहिलंय. तिचं नाव घालण्याआधी तिला विचारा. "भावाला सोबत आणणार का?" म्हणून तिची स्थळं आधीच परत जाताहेत.

शाळा तर तिचा हक्कच आहे, सहा ते चौदा वर्षं, २००९ च्या कायद्यानं. पण भावाजवळ कोण बसणार, हे ठरल्याशिवाय ती शाळेत जाणार नाही. थोरल्याला आंघोळ घालायला शिकवायचं काम मी घेते. तोवर शनिवारी गटातल्या दोघींनी आळीपाळीनं त्या घरी बसायचंय. येत्या शनिवारी कोण जाईल, हात वर करा.