टाच दुखते, हे आधी सांगा

(अंबरनाथ पश्चिम येथील शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



वारीच्या मुक्कामी पाय चोळून देणारी आम्ही मंडळी. आम्हाला बोलायची सवय नाही, पण एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये.

आपल्या दिंडीतले एक ज्येष्ठ वीणेकरी बाबा. उभा जन्म कंपनीच्या फरशीवर उभं राहून नोकरी केली, वारी कधी चुकवली नाही. एका वर्षी चैत्रापासूनच त्यांची टाच दुखत होती. "माऊली चालवतील" म्हणून ते गप्प राहिले. दिवेघाट कसाबसा चढले, पण सासवडच्या मुक्कामी पाय टेकवेना. पुढची वारी सामानाच्या ट्रकमधून झाली. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देताना बाबा रडले. चूक आमचीही होती. आम्ही तेल चोळलं, पण कधीपासून दुखतंय हे विचारलं नाही.

पुढे फिजिओथेरपीच्या ताईंनी नीट समजावलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टी असते. फार वेळ उभं राहणं, झिजलेली चप्पल, आखडलेली पोटरी, एकदम वाढवलेलं चालणं, यांनी तिच्यावर ताण येतो. रात्री ती आखडते, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल जास्त दुखतं. फोटोत हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नये. तसं हाड न दुखणाऱ्या टाचेतही असतं. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

बाबांना सांगितलेले व्यायाम असे :

१. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून धरा. दहा मोजा, सोडा. असे दहा वेळा.

२. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे घ्या. गुडघा ताठ, टाच जमिनीला. ३० सेकंद, तीन वेळा.

३. बोटांखाली टॉवेलची घडी ठेवून पायरीवर उभे राहा, कठडा धरा. टाच तीन मोजत वर, तीन मोजत खाली. हा दिवसाआड.

४. संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली पाच-दहा मिनिटे फिरवा.

मधुमेह असेल, पाय बधिर असतील, तर बर्फ नको, शेकही नको. आधी डॉक्टरांना पाय दाखवा. सूज, ताप, जखम असेल, किंवा पडल्यावर दुखू लागलं असेल, तर थांबू नका.

गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. पाडव्यापासून धरलं तर हाती जवळजवळ पावणेतीन महिने आहेत. पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. तेव्हा चालणं थोडं थोडं वाढवा, आणि ज्या चपला-बुटांत वारी करायची ते आधीपासून वापरा.

बाबा पुढच्या वर्षी चालले. पूर्ण नाही, दुपारच्या विसाव्यापर्यंत वीणा त्यांच्या गळ्यात, नंतर दुसऱ्याच्या. ते म्हणाले, "वीणा खाली ठेवायची नसते, पण दुसऱ्याला देता येते. हे मला टाचेने शिकवलं."

शंभर वर्षांच्या या दिंडीत यापुढे कोणी दुखणं लपवू नये, आणि आम्ही विचारायला चुकू नये, एवढीच विनंती.

राम कृष्ण हरी!