कासवांची वाळू आणि आपला प्लॉट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)

समोर बसलेले आपले सर, बाई, आणि १९९६ च्या दहावीच्या दोन्ही तुकड्यांमधल्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू बरीच फिरतेस, तर प्रवासावर पंधरा मिनिटं बोल." त्यांना बहुधा परदेशातले फोटो हवे होते. ते आणलेत, पण मोजकेच. मी बोलणार आहे ते मुख्यतः कोकणातल्या राखीव जागांबद्दल. गेली सहा-सात वर्षं जोडून सुट्टी आली की आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई, चांदणी चौकातून पौडकडे वळतो आणि ताम्हिणी उतरतो. दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या ग्रुपवर दोन महिने एकच विषय चालू आहे: आठ-दहा जणांनी मिळून समुद्राकाठी एनए प्लॉट घ्यायचा, चार खोल्या बांधायच्या, आपण वापरायच्या आणि उरलेले दिवस भाड्याने द्यायच्या. मला तीनदा विचारून झालंय. आज सगळ्यांसमोर उत्तर देते, पण जरा फिरून येऊन.

आधी कर्नाळा. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आणि क्वचितच कोणी आत गेलेलं. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेलं हे जंगल. राष्ट्रीय महामार्ग त्याच्यातूनच जातो. सकाळी सातला आत शिरलात तर पक्षी दिसतात. दहानंतर हॉर्न आणि सहली. याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

फणसाडचं मात्र सांगते. मुरूड-रोह्याच्या डोंगरावरचं हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. नवाबाला सावजं हवी होती म्हणून इतरांना तिथे कुऱ्हाड लावायची मनाई, आणि त्यामुळे झाडं टिकली. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जंगल वाचायला हेतू चांगलाच असावा लागतो असं नाही, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. सुपेगावच्या बाजूने आत गेलं की गारंबीच्या वेली दिसतात, मांडीएवढ्या जाड, या झाडावरून त्या झाडावर पिळत गेलेल्या. पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं. आमच्या बरोबरच्या वाटाड्याने गाणाशी बसवलं आणि बजावलं, "बोलायचं नाही, मोबाईल खिशात." पाऊण तासात एक भेकर आलं, पाणी प्यायलं आणि गेलं. माझ्या मुलीने तेवढा वेळ फोन बाहेर काढला नाही, हे मला भेकरापेक्षा मोठं वाटलं. परतताना शेकरू दिसलं. आपल्या राज्याचा प्राणी. पुस्तकातल्या चित्रात शेपूट कधी पूर्ण मावत नाही, ते का हे प्रत्यक्ष बघितल्यावर समजतं.

फणसाडला गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केली आहे. सासूबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या माहेरी गावाबाहेर अशी जागा असायचीच. आमचे आजोबाही सांगायचे, धायरीच्या माळावर ढोर मेलं की आभाळातून गिधाडं उतरायची. आपल्यापैकी कोणी पाहिलीत? मी नाही. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये हे औषध जनावरांना द्यायला बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. त्यांना कोणी गोळी घातली नव्हती, कोणी त्यांचं जंगलही तोडलं नव्हतं. गुराला बरं करायला दिलेल्या औषधाने हे झालं. आमच्या धंद्यात असा दोष सगळ्यात अवघड मानतात. एका ठिकाणी केलेला बदल, मोडतं तिसरंच काहीतरी, आणि दोघांचा संबंध जुळायला वर्षं जातात.

आता वेळास. माझ्या प्लॉटच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या किल्ल्याजवळचं हे छोटं गाव. हरिहरेश्वरकडून आलात तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालायची आणि वेसवीला उतरायचं. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ते इतिहासात होतं. आता ते कासवांसाठी ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं उकरून न्यायची आणि उरलेली कोल्ही-कुत्री खायची. संस्थेने गावातल्याच मुलांना बरोबर घेतलं. पहाटे वाळूवरचा मादीचा माग शोधायचा, घरट्यातली अंडी काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची आणि तारीख लिहून ठेवायची. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. राहायची सोय एका काकूंच्या घरी, पडवीत गाद्या, जेवायला घावणे, उसळ, सोलकढी. काकू म्हणाल्या, "पूर्वी या दिवसांत घरात माणूस नसायचा, सगळे मुंबईला. आता फेब्रुवारीपासून मला दुपारी पाठ टेकायला मिळत नाही." सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर गेलो. दोरीच्या अलीकडे शे-दीडशे माणसं. कार्यकर्त्याने टोपली उपडी केली. एकवीस पिल्लं. हाताच्या तळव्यात मावतील एवढी, राखाडी-काळी. उचलून पाण्यात सोडत नाहीत, चालू देतात. लाट आली की दोन-चार आत जातात आणि एखादं उलटं फेकलं जातं. माझी मुलगी शेवटचं पिल्लू जाईपर्यंत हलली नाही. त्या एकाला अकरा मिनिटं लागली.

ऑलिव्ह रिडले कासवाला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. पण वेळास अभयारण्य नाही. तिथे राहतं गाव आहे, नारळी-पोफळीच्या बागा आहेत, वाळूच्या मागे सुरूचं बन आहे. राखण गाव करतं, वनखातं मदत करतं, आणि पाहुण्यांचा पैसा गावातल्याच घरांत जातो.

ही कासवं कुठे जातात याचाही आता थोडा पत्ता लागलाय. २०२१ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढे २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि २०२५ च्या जानेवारीत, गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर जी पट्टी सापडली ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं जे गृहीत धरत होते, त्याला या एका पट्टीने धक्का दिला. विदा कमी असताना निष्कर्ष काढू नये, असं मी ऑफिसात नवीन मुलांना रोज सांगते. हे उदाहरण आता मला कायमचं मिळालं.

मालवणची गोष्ट वेगळी. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे २९ चौरस किलोमीटर. पाण्याखाली प्रवाळ आहे. पण जाहीर झाल्यापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध. त्यांची बाजू ऐकल्यावर मला ते हट्टी वाटले नाहीत. रापण लावणारे लोक किनाऱ्यावरून जाळं ओढतात, मिळालेली मासळी वाटून घेतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बाहेरच्या मोठ्या नौका पर्ससीन जाळ्यांनी बांगडा उचलून नेतात. नियम आले तर आधी अडवणार कोणाला, हा त्यांचा प्रश्न. दुसरीकडे, त्याच पाण्यात स्नॉर्केलिंगला उतरलेला पर्यटक दमला की प्रवाळावरच पाय टेकतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि शेजारच्या होडीतल्या नांगराखाली काय आलं असेल ते वरून दिसत नाही. तेव्हा कागदावर अभयारण्य असलेल्या मालवणात भांडण, आणि कागदावर काहीच नसलेल्या वेळासमध्ये राखण. याचा अर्थ कायदा नको असा मी काढत नाही. अंडी पळवणाऱ्याला शेवटी धाक वाटतो तो कायद्याचाच. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर चालते त्यांच्याशी आधी बोलल्याशिवाय आखलेली रेघ पाण्यावरचीच राहते.

आता संयोजकांसाठी ते फोटो. कंपनीच्या कामासाठी दोन महिने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेयला होते. पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांमध्ये शिरलेल्या या अरुंद निळ्या खाड्यांना 'कालांक' म्हणतात. शहराच्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि चालू लागायचं, आपण पीएमटीने सिंहगडाच्या पायथ्याला जायचो तसं. २०१२ मध्ये याचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथेही कोळी, शिकारी आणि काठावरच्या खोपटांचे मालक यांच्याशी दहा-बारा वर्षं वाटाघाटी चालल्या होत्या. आणि उद्यान झाल्यावरही एका अॅल्युमिना कारखान्याचा लाल गाळ २०१५ अखेरपर्यंत नळाने तिथल्याच समुद्रात सोडला जात होता. म्हणजे तिकडे सगळं आदर्श, असं समजू नका.

मला आवडली ती एकच गोष्ट. सुजितों नावाच्या एका खाडीत उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं यायची. पायांनी माती निघाली, पाइनची मुळं उघडी पडली. २०२२ मध्ये त्यांनी ठरवलं, गर्दीच्या दिवसांत फक्त ४०० जण. तिकीट नाही, पैसे नाहीत, आधी नाव नोंदवायचं आणि वाटेवर फोनवरचा कोड दाखवायचा. मला पहिल्या दिवशी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी जागा मिळाली. असं सॉफ्टवेअर आपल्यातला कोणीही दोन आठवड्यांत लिहील. अवघड भाग आहे चारशे एकाव्या माणसाला नाही म्हणणं.

तर आता प्लॉट. आपण शाळेत होतो तेव्हा फाट्यापासून आत येताना दोन्ही बाजूंना काय होतं आणि आज काय आहे, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. २०१७ मध्ये उरलीसुरली धायरीही महापालिकेत गेली. ज्यांच्या घरच्या जमिनी गेल्या त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या पैशांतून मुलं शिकली, आजारपणं निभावली. आणि मी स्वतः अशाच एका शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. धारेश्वराच्या टेकडीवरून खाली बघताना माझ्या घराचा दिवाही त्या दिव्यांत असतो.

दिव्यांचं म्हणूनच सांगते. कासवाचं पिल्लू रात्री वाळूतून वर येतं आणि जिकडे जास्त उजेड तिकडे चालतं. लाखो वर्षं तो उजेड समुद्रावरचा होता. आता मागे रिसॉर्टचा हॅलोजन असला की ते तिकडे वळतं, आणि सकाळी वाळून मेलेलं सापडतं किंवा कावळा उचलतो. मादीसुद्धा उजेड दिसला तर अंडी न घालता परत जाते. भूमध्य समुद्रात ग्रीसच्या झाकिन्थोस बेटावर याच कारणाने कासवांसाठी १९९९ मध्ये सागरी उद्यान केलं, आणि विणीच्या हंगामात ते किनारे सूर्यास्तानंतर माणसांना बंद असतात.

आपल्या ग्रुपवर ज्या प्लॉटचा नकाशा फिरतोय, त्यात 'सी टच' असं लिहिलंय. तो मी नीट पाहिला. कासवांची विणीची जागा सीआरझेडच्या सगळ्यात कडक वर्गात मोडते, आणि खेडेगावांत बहुतेक ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटर नवीन बांधकाम करता येत नाही. हा प्लॉट त्यात किती येतो याचं उत्तर दलालाकडे नाही. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, सगळे बांधतात." तो नकाशा अधिकृत सीआरझेड नकाशावर ठेवून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, हे मी कासवांसाठी नाही, तुमच्या पैशांसाठी सांगतेय.

माझं उत्तर: या प्लॉटमध्ये मी नाही. तुम्ही किनाऱ्यापासून आत, गावठाणालगत, चालू असलेलं जुनं घर भाड्याने किंवा विकत घेणार असाल, समुद्राकडे एकही दिवा न लावण्याचं लिहून घेणार असाल, आणि गावातल्याच कोणाकडे ते चालवायला देणार असाल, तर माझा हिस्सा धरा. परतावा कमी येईल. मी आकडेमोड केली आहे, ती ज्यांना हवी त्यांना पाठवते. बाई हसतायत, कारण शाळेत माझी गणिताची वही सगळ्यांत शेवटी यायची.

तोवर दुसरं एक ठरवू. फेब्रुवारीच्या शेवटच्या किंवा मार्चच्या पहिल्या शनिवारी वेळासला जायचं. पिल्लं दिसतीलच याची हमी नाही, घरटं कधी फुटेल ते कोणाच्या हातात नसतं. काकूंकडे बारा जणांची सोय होते, जास्त झाले तर शेजारच्या घरी. टॉर्च आणू नका, आणलीत तर काचेवर लाल कागद लावा. सर, बाई, तुमच्यासाठी पुढच्या सीटा राखून ठेवल्या आहेत, चालणं फारसं नाही. चहाच्या टेबलाशी वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहा.