वजनकाट्यामागचा भूगोल

(हीरक महोत्सवानिमित्त कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात भरलेल्या पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या वयाचा सोहळा करताना मुलांच्या प्रकृतीचाही हिशेब मांडावा, म्हणून आज स्थूलतेविषयी बोलते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दिल्लीतील सुमारे 41 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 23 टक्के, तर झारखंडात 12 टक्क्यांच्या आसपास आहे. एकाच देशात एवढे अंतर का? दिल्लीकर खादाड आणि झारखंडवासी संयमी, हे उत्तर अन्यायाचे ठरेल. झारखंडातील चौथ्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया अतिकृश आहेत. तेथील लहान आकड्यामागे आरोग्याइतकीच उपासमारही आहे. दिल्ली मात्र जवळजवळ संपूर्णपणे शहर. बैठे काम, दारापासून दारापर्यंत वाहन, हाकेच्या अंतरावर तळलेले आणि गोड पदार्थ. देशभरातही शहरी स्त्रियांत हे प्रमाण 33 टक्के, तर ग्रामीण स्त्रियांत 20 टक्के आहे.

आपली कुटुंबे ज्वारीची भाकरी मागे ठेवून येथे आली आणि येथील परिसर आपल्याही अंगी लागला. त्यात आपली शरीररचना नाजूक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले, की भारतीय अर्भक वजनाने कमी भरले तरी त्याच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने अधिक असतो. पुढे सुबत्ता येते, तेव्हा तेच शरीर मधुमेहाकडे लवकर झुकते.

म्हणून माझी विनंती आहे, की जाड मुलाला चिडवू नका, घरीही नाही आणि वर्गातही नाही. दोष त्याचा एकट्याचा नसतो. बदलायचा आहे तो परिसर. शाळेच्या आवारात व फाटकापासून 50 मीटरपर्यंत अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 सालीच झाला आहे. तो पाळला जातो की नाही, हे पालकांनीही पाहावे. हिवाळ्यात दूषित हवेमुळे मैदान ओस पडते, त्या दिवसांत वर्गातच सूर्यनमस्कार व लेझीम होऊ शकते. खेळाचा तास गणिताला देण्याचा आग्रह धरू नका. आणि आठवीनंतर मुली मैदानावरून हळूहळू दिसेनाशा होतात, त्यांना परत आणा. उद्याच्या 41 टक्क्यांची सुरुवात तेथूनच होते.

या महोत्सवाची वास्तू, स्मरणिका, छायाचित्रे राहतीलच. मुलांसाठी मोकळे मैदान राखले, तर पुढच्या पिढीला आपले स्मरण अधिक काळ राहील.