पहाडाची ओढ



आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून सरांनी मला बजावले, ‘तू विज्ञानाचंच सांग.’ तेव्हा थोडा वेळ पुन्हा बाकावर बसा, बाप्पा.

गुरुत्वाकर्षणाचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केला होता. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे काय? लाइट गेल्यावर बॅटरीचा उजेड भिंतीवर टाका. भिंत दुप्पट लांब असली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून एका जागी चौथा हिस्सा उरतो. तिप्पट लांब, तर नववा हिस्सा. ओढीचेही तसेच. फक्त पृथ्वीच्या बाबतीत अंतर तिच्या केंद्रापासून मोजायचे. आपण त्या केंद्रापासून सुमारे ६,४०० किलोमीटरवर आहोत. चंद्र त्याच्या साठपट दूर, म्हणून तिथे पृथ्वीची ओढ ३,६०० पट कमी. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. चंद्र तेवढ्या वेळात पृथ्वीकडे जेमतेम १.४ मिलिमीटर वळतो. ४.९ मीटरला ३,६०० ने भागून पाहा, जमते. न्यूटनने हाच ताळा पाहिला.

आता आपल्याकडे या. धारणीहून चिखलदऱ्याला गेलो की आपण सात-आठशे मीटर वर चढतो. साठ किलोच्या माणसाचे वजन तिथे दहा-पंधरा ग्रॅमने कमी भरते. पण दोन पारड्यांच्या तराजूवर हे कळणार नाही, कारण वजनमापेही तेवढीच हलकी होतात. नाजूक स्प्रिंगचा काटाच हवा.

पहाड नुसता आपल्याला वर नेत नाही, तो स्वतःही ओढतो. भारताची मोजणी करत दक्षिणेतून आलेले विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली हिंगणघाटला वारले आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर परिसरात, टाकळखेडा हे त्यांचे एक ठाणे होते. अक्षांश काढायचा तर ताऱ्याचा कोन ओळंब्याच्या रेषेपासून मोजावा लागतो. ठाण्याच्या उत्तरेला डोंगर. त्यांच्या ओढीने ओळंबा किंचित उत्तरेला झुकतो, हे एव्हरेस्ट यांनी १८३० साली छापलेल्या ग्रंथात हिशेबात धरले.

पृथ्वीपुढे डोंगर तो केवढा! तरी ओळंबा हलतो, कारण पृथ्वीचे केंद्र हजारो किलोमीटर दूर आणि डोंगर हाकेवर. पुढे १८५५ साली जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला. कल्याणा आणि कल्याणपूर या दोन ठाण्यांमध्ये सुमारे १५.९ विकलांचा फरक पडायला हवा होता, प्रत्यक्षात ५.२ च निघाला. पर्वतांखाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात, हा विचार त्यातूनच पुढे आला.

हे सगळे मी आजच का सांगतो? आपल्या शाळेतल्या पोरांना वाटते, विज्ञान पुण्या-मुंबईत घडते. ‘मेळघाटात बदली म्हणजे शिक्षा’ हे वाक्य ती लहानपणापासून ऐकतात. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीच आधी परकी, मग सूत्र तर दूरच राहिले. त्या मुलाला कोणी तरी सांगायला हवे की, देश मोजणाऱ्यांना ज्या सातपुड्याचा हिशेब धरावा लागला, त्याच सातपुड्यात तुझे गाव आहे. हे वाचून दाखवून भागणार नाही. दोरी, दगड आणि ओळंबा हातात देऊन सांगावे लागेल.

तुमच्यातले कोणी अभियंते आहेत, कोणी नर्स, कोणी गवंडीकामाचे ठेकेदार. ओळंबा तर ठेकेदाराइतका कोणालाच कळत नाही. शाळेला तुम्ही देणगी देता, त्याबद्दल आभार. पण वर्षातून एक दिवस स्वतः या आणि एक तास घ्या. माणसांना न्यूटनचा नियम लागू पडतो असे कोणी पेपरात लिहिले, तर मी मार्क कापीन. तरीही दुरून पाठवलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जवळ बसलेला माणूस पोराला जास्त ओढतो, हे आपल्या गुरुजींनी आपल्यावरच सिद्ध केले आहे.

पुढच्या वर्षीचे वेळापत्रक मी कार्यालयात ठेवले आहे. जेवायला जाण्याआधी त्यात आपापले नाव लिहा.