दार कोंडू नका, दवाखाना गाठा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्तीवर बोला, असे कमिटीने सांगितले. दारू वाईट हे आम्ही काय वेगळे सांगणार? पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. १९५६ सालच्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण खरं सांगायचं तर याच कारणाने आपल्याकडे घरातले दुखणे जास्त लपवले जाते. बौद्धाच्या घरात दारुडा, बौद्धाच्या घरात वेडा, लोक काय म्हणतील? म्हणून दार लावून घेतात. आम्हीही तेच केले होते. तेव्हा भाषण बाजूला ठेवून आमची चूक सांगतो.

२००९ सालची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ सकाळी उठल्यापासून पीत असे. एका रविवारी आम्ही चार जणांनी त्याला खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी घातली. थेंब मिळाला नाही की आपोआप सुटेल, असा आमचा शहाणपणा. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम फुटला, ओकाऱ्या झाल्या. आम्ही म्हटले, विष उतरतंय. दुसऱ्या रात्री तो भिंतीवरचे किडे झटकू लागला. भिंतीवर किडा नव्हता. "भोंगा झाला, डबा द्या" म्हणाला. भोंगा कुठला, मध्यरात्र होत आली होती. आई म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे. आणि आम्ही रात्रपाळीला निघून गेलो. हे आजही मनाला लागते.

पहाटे त्याला फिट आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातात चमचा घातला, त्यात पुढचा दात गेला. शेजारच्या आक्का दवाखान्यात आया होत्या. त्यांनी सगळ्यांना ढकलून बाजूला केले, त्याला कुशीवर वळवले, डोक्याखाली गोधडी सारली आणि टॅक्सी आणवली.

डॉक्टर आम्हाला म्हणाले, "एकदम तोडायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी समजावले ते असे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूवर चालायला शिकलेले असते. ती अचानक बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, भास होतात, आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. सलाईन लावली, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, झोपेचे औषध दिले. नऊ दिवसांनी घरी आणला. म्हणजे सोडवू नये असे नव्हे, सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आणखी एक. पिऊन पडलेला हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. कुशीवर झोपवा, म्हणजे ओकारी घशात अडकणार नाही. लिंबूपाणी-ताक तोंडात ओतू नका. १०८ ला फोन करा.

आता जरा अवघड विषय. घरातला माणूस "माझ्यामागे पोरांना बघा" असे बोलू लागला, हिशेब मिटवू लागला, तर त्याला जवळ बसवून सरळ विचारा : जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटा सोडू नका. उंदराचे औषध, गोळ्या, दोरी घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही घेतलेच असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन दवाखान्यात पळा. पोलिस केस होईल म्हणून घरात लपवणारे आम्ही पाहिले आहेत. दवाखान्यात नोंद होते, पोलिस जबाब घेतात, हे खरे. पण २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे आणि त्याला शिक्षा करू नये. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, असेही त्यात आहे. आणि मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे.

साखळी म्हटली की भगत आलाच. भूत उतरवतो म्हणून मारझोड करणे २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण आपल्याला कायदा कशाला लागतो? पटाचाराची कथा आपण वर्षावासात ऐकतो. नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ सगळे गेले आणि ती श्रावस्तीत उघडी फिरू लागली. लोक तिला हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, एकाने अंगावर वस्त्र टाकले, मग ती शुद्धीवर आली. पुढे तीच भिक्खुणी संघात विनयात अग्रणी झाली. वस्त्र टाकणाऱ्याचे नाव कथेत नाही. तो आपल्यापैकीच कुणी असेल, असे आम्हाला वाटते.

हत्यार घेऊन कोणी अंगावर येत असेल तर ११२ लावा, पण पहिल्याच वाक्यात "माणूस आजारी आहे" हे सांगा. रात्री सल्ला हवा असेल तर १४४१६ हा सरकारी फोन आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. शासनाची मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे आहेत. पण गडबडीच्या वेळी लांब पळू नका, आधी जवळचा मोठा सरकारी दवाखाना.

धाकट्याचे पुढे काय झाले, असे विचारतात. दोनदा सुटली, दोनदा लागली. तिसऱ्यांदा तो एए च्या मीटिंगला जाऊ लागला, तिथे पैसे पडत नाहीत. अजून जातो. पडला त्या दोन्ही वेळा आम्ही मात्र कडी घातली नाही.

कमिटीला एकच विनंती. हे नंबर विहाराच्या फळ्यावर कायमचे रंगवून घ्यावेत, आणि ग्रंथालयाच्या कपाटात रात्रीच्या टॅक्सीसाठी हजार रुपये बाजूला ठेवावेत. मागच्या वर्षी हे मांडले तेव्हा विषय पुढच्या सभेवर गेला होता. पुढची सभा या रविवारी आहे.

जय भीम.