जुने घर घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "पेठेत जुने घर शोधण्यात तुम्ही दोन वर्षे घालवलीत, तेच बायकांना सांगा." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "रोज घर झाडणाऱ्या बाईला घर पाहायला आणखी कोणते शिक्षण लागते?" त्यांच्या या शब्दांच्या बळावर मी उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आम्ही तेव्हा धनकवडीला भाड्याने राहत होतो. ह्यांची नोकरी अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानात. मुलगा नववीत. सासूबाईंचे गुडघे दुखत, तरी जोगेश्वरीचे दर्शन आणि मंडई पायी गाठता यावी, एवढीच त्यांची इच्छा. पेठेत नवे घर आम्हाला परवडण्यासारखे नव्हते, म्हणून जुने पाहायचे ठरले. हाताशी काय, तर ह्यांची वीस वर्षांची शिल्लक आणि माझ्या पाटल्या. एकदा गेले तर पुन्हा जमणारे पैसे नव्हते ते.

2019 च्या मे महिन्यात शनिवार पेठेत एका वाड्यात पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या पाहिल्या. दगडी जोते, सागवानी खांब, मधला चौक, भिंतीत कोनाडे. बाहेर ऊन रणरणत होते आणि आत गारवा. भिंतींना नुकताच रंग दिलेला. ह्यांचा तर पाय निघेना. मालक म्हणाले, "दोन-तीन वर्षांत वाडा पाडून इमारत उभी राहील. आज तीन खोल्या घेताय, उद्या नवा फ्लॅट मिळेल." हे मला जिन्यातच म्हणाले, "इसार देऊन टाकू." मी म्हटले, "एक पाऊस पडू द्या."

मैत्रिणींनो, पहिली गोष्ट हीच. जुने घर उन्हाळ्यात पाहावे आणि आषाढात पुन्हा पाहावे. मालक खांब दाखवतात, आपण खांबाचे पाय पाहावेत. लाकूड तळखड्यावर टेकते तिथे ओल धरते आणि वाळवी तिथूनच चढते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. निरोगी सागवानाचा आवाज भरीव येतो, पोखरलेले लाकूड पोकळ वाजते. तुळईचे टोक भिंतीत शिरते ती जागाही तशीच पाहावी. मी जुलैत गेले तेव्हा मेमधल्या नव्या रंगाला पोपडे धरले होते आणि मागच्या खोलीतला एक खांब डब्यासारखा वाजला.

दुसरे पाणी. सकाळी साडेपाचला जाऊन नळ पाहावा. पहिल्या मजल्यावर धार किती, टाकी कोणाची, मोटार किती घरांत मिळून, मोरीचे पाणी कोणत्या चेंबरला जाते आणि ते चेंबर तुंबले तर उपसायचे कोणी, हे विचारायला लाजू नये. पाण्यावरून भांडण लागले की ते जन्मभर पुरते.

तिसरा जिना. मी सासूबाईंना बरोबर नेले आणि चढायला लावले. त्या सहाव्या पायरीवर बसल्या. मग माझ्या मनात आले, उद्या यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर या जिन्यातून स्ट्रेचर वळेल का? आणि या बोळात रुग्णवाहिका कुठवर येईल? विजेच्या जुन्या लाकडी पट्ट्या, त्यातल्या तारा, मीटर कोणाच्या नावावर आहे, हेही तेव्हाच पाहून घेतले. गणपतीच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि ढोल रात्रभर वाजतात, हे तुम्हाला नवीन नाही, पण बाहेरून येणाऱ्याने एक अनंत चतुर्दशी इथे काढून मगच ठरवावे.

आता मुख्य गोष्ट. घराची खरी माहिती मालकाकडे नसते, ती शेजारणीकडे असते. त्या वाड्यात तळमजल्यावर एक आजी राहत होत्या, साठ वर्षांच्या भाडेकरू. मी पाणी मागायच्या निमित्ताने बसले. पुराचे विचारले, तर त्यांनी हात उंचावून खांबावर दाखवले, "इथवर होते." 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे, तेव्हा आजी नव्या नवरी होत्या. जुनी गोष्ट म्हणून मी सोडून दिली असती, पण त्याच वर्षी ऑगस्टात खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला. पुढे 25 जुलै 2024 ला पुलाची वाडी आणि एकतानगरीत घरांत पाणी शिरले, ते आपण सर्वांनी पाहिले. नदी आपली जुनी वाट विसरत नाही.

वाडा पाडून इमारत होणार, हे मी आजींना सांगितले, तेव्हा त्या हसल्या. "अगं, शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. सरकार इथे नवे बांधू देत नाही." मुलाने शोधून वाचून दाखवले. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलासुद्धा परवानगी लागते, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवरही निर्बंध आहेत. 2010 साली कायदा तसा कडक झाला. म्हणजे ज्या नव्या फ्लॅटच्या आशेवर आम्ही पाटल्या मोडणार होतो, तो होणेच कठीण.

मी उठायला लागले तेव्हा आजींनी हळूच विचारले, "ताईची सही झाली का गं?"

कोणती ताई? तर मालकांची धाकटी बहीण, लग्न होऊन साताऱ्याला दिलेली. मी ह्यांना नगर भूमापन कार्यालयात पाठवून मिळकत पत्रिकेचा उतारा काढायला लावला. त्यावर अजून मालकांच्या वारलेल्या वडिलांचेच नाव! मालकांना विचारले, तर म्हणाले, "बहिणीने हक्क सोडलाय. भाऊबीजेला तोंडी झाले आहे आमचे. कागद कशाला?"

घरी आल्यावर आमचे भांडण झाले. हे म्हणाले, "त्यांच्या घरची भानगड, आपण कशाला नाक खुपसायचे? अशा किमतीत पेठेत पुन्हा मिळायचे नाही." आठ दिवस आम्ही कामापुरते बोललो. नवव्या दिवशी सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीही सही केली होती, माझ्या भावांना. एक इरकली लुगडे दिले. कागदात काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखवले नाही. आई गेल्यावर त्या घरी मुक्कामाला, ये, असे कोणी म्हणाले नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुसरीचे माहेर जिथे अडकले आहे, त्या घरात मला देव मांडायचे नाहीत."

हे उठले आणि मालकांना फोन केला, "बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवून आणा, मग बसू." त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

भगिनींनो, कायदा आता आपल्या बाजूने आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वतः मिळवलेल्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा 1956 पासून आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही जन्मापासून आहे. घराचा हक्क सोडायचा तर तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. एका बहिणीची सही राहिली, तर विकत घेणाऱ्याच्या गळ्याशी दावा येतो. पण दाव्याची भीती बाजूला ठेवली तरी, जिच्या वाट्यावर आपण चूल मांडणार, तिला विचारले आहे की नाही, हे बाईने बाईसाठी पाहायलाच हवे.

2020 साल करोनात गेले. 2021 साली आपल्याच गल्लीत, 1986 च्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. चौक नाही, कोनाडे नाहीत, स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या तर कोपर लागते. पण जिना रुंद आहे. जमीन सोसायटीच्या नावावर झालेली आहे. इमारतीला तीस वर्षे होऊन गेलेली, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का ते विचारले. झाले होते, अहवाल पाहिला. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतला. मिळकत कराची आणि सोसायटीची थकबाकी नाही, याचे दाखले घेतले. वकिलाचे पैसे देताना जिवावर आले, पण पाटल्यांपुढे ते काहीच नव्हते.

आणि घर माझ्या एकटीच्या नावावर झाले. 1 एप्रिल 2021 पासून आपल्या राज्यात फक्त बाईच्या नावे राहते घर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे म्हणाले, "पैसे वाचतात म्हणून." मी म्हटले, "कशाने का होईना." सही करण्याआधी खत मुलाकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतले. निबंधकाच्या कार्यालयात लोक खोळंबले होते, तरी वाचून घेतले. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

त्या आता नाहीत. दोन वर्षे त्यांना जोगेश्वरी पायी गाठता आली.

तो वाडा अजून उभा आहे. दाराला कुलूप दिसते. साताऱ्याच्या ताईंना मी कधी पाहिले नाही, पण तिथून जाताना त्यांची आठवण येते.

तेव्हा घर पाहायला जाल तर पावसात जा, पहाटे जा, म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा. शेजारणीकडे बसा. आणि कोणाची सही राहिली आहे, हे विचारल्याशिवाय इसार देऊ नका.