अनुभव नाही, तरी हात रिकामे नाहीत



आज आपल्यापुढे मी जो विषय मांडणार आहे, तो वरवर पाहता केवळ वकिलांचा वाटेल. परंतु तो तितकाच आपलाही आहे. ज्या घरात पूर्वी कोणी न्यायालयाची पायरी वकील म्हणून चढला नाही, अशा घरातील मुलगा किंवा मुलगी विधी शाखेची पदवी घेते, सनद मिळविते आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारीसाठी अर्ज करते. तेथे पहिला प्रश्न येतो, "यापूर्वी कोठे काम केले आहे?" उत्तर नकारार्थी असते. अनुभवावाचून काम नाही आणि कामावाचून अनुभव नाही, या फेऱ्यात अनेक होतकरू मुले अडकतात.

ही अडचण समजण्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहणे इष्ट ठरेल. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. पुढे १९९५ मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले. परंतु असे नियम करण्याचा अधिकार परिषदेला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. २०१० मध्ये अखिल भारतीय परीक्षेची अट आली. पण परीक्षा म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तात्पर्य, नव्या वकिलाला शिकविण्याची जबाबदारी आजही ज्येष्ठ वकिलाच्या मर्जीवर राहिली आहे, आणि असा ज्येष्ठ शोधण्याचे काम उमेदवारालाच करावे लागते. ज्याचे मामा किंवा चुलते वकील आहेत, त्याला हा शोध घ्यावाच लागत नाही.

या प्रश्नाला अलीकडे अधिक महत्त्व आले आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी ठरविले. या निर्णयानुसार, वकिली केल्याचे प्रमाणपत्र किमान दहा वर्षे व्यवसायात असलेल्या वकिलाने द्यावयाचे असून त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. म्हणजे उमेदवारीचे दार ज्याला उघडले नाही, त्याला न्यायदानाच्या आसनापर्यंत जाणेही दुरापास्त होते.

आता ज्येष्ठ वकिलाला कनिष्ठाकडून पहिल्या वर्षी काय हवे असते, ते पाहू. जोरदार युक्तिवाद ही त्याची अपेक्षा नसते. रोजच्या बोर्डावरील प्रकरणे व पुढील तारखा डायरीत बिनचूक उतरविणे, नकलांसाठी अर्ज करणे, पक्षकाराची हकिगत कालक्रमाने लिहून घेणे, मुदतीचे दिवस मोजणे, हीच ती कामे होत. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने कैफियत दाखल करावयाची असते; जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदतही तीस दिवसांची. येथे एका दिवसाची चूक पक्षकाराला महागात पडते. अशा वेळी नेटकेपणा हाच मोठा गुण ठरतो.

आणि हा नेटकेपणा आपल्या मुलांजवळ नसतो काय? ज्याने गावच्या दूध संस्थेचे हिशेब लिहिले, ज्या मुलीने महिला बचत गटाच्या सभांचे इतिवृत्त ठेवले, ज्याने वडिलांबरोबर तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा पाठपुरावा केला आणि सातबारा, आठ-अ व फेरफार वाचावयास शिकला, त्याचे हात रिकामे कसे म्हणावेत? तालुक्याच्या न्यायालयात जमिनीचे वाद थोडे नसतात. तेथे फेरफार वाचता येणारा कनिष्ठ पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

मात्र हे अर्जात लिहिले पाहिजे. "मी प्रामाणिक व कष्टाळू आहे" या वाक्याने काहीच कळत नाही. "दोन वर्षे संस्थेची रोजकीर्द लिहिली, लेखापरीक्षणाच्या वेळी कागदपत्रे सादर केली" या वाक्याने माणूस समजतो. जे केले नाही ते केले असे मात्र कदापि लिहू नये. ज्या व्यवसायात दुसऱ्याच्या प्रतिज्ञापत्राची जबाबदारी घ्यावयाची, त्याचा प्रारंभ असत्याने होऊ नये.

अनुभव मिळविण्याच्या वाटाही आहेत. २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. पुष्कळ विद्यार्थी या काळात केवळ प्रमाणपत्र गोळा करतात. तो काळ तालुका न्यायालयात घालविला, तर अर्जाच्या वेळी ओळखणारे कोणी तरी असते. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांना खुले असते. पंधरा दिवस मागच्या बाकावर बसून टिपणे काढण्यास कोणाची शिफारस लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. २०२२ च्या विधी साहाय्य बचाव पक्ष वकील योजनेत तर सहायक वकिलाच्या पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव धरला आहे. म्हणजे नवोदितांसाठीच ती जागा आहे.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. सनदेसाठी कायद्याने ठरविलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले. त्याच वर्षी विधिज्ञ परिषदेने कनिष्ठांना शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली. परंतु ती शिफारस आहे, बंधन नव्हे. म्हणून उमेदवाराने पहिल्याच भेटीत, संकोच न करता, किती मानधन मिळेल हे विचारावे. घरचा आधार नसलेली मुलगी वर्षभर विनावेतन राबून अखेर व्यवसाय सोडते, तेव्हा तिच्या शिक्षणावर समाजाने केलेला खर्चही वाया जातो.

शेवटी आपणा सर्वांना एक विनंती आहे. मुले आपल्याकडे दाखला मागावयास येतात आणि आपण "वर्तणूक चांगली" असे लिहून शिक्का मारतो. यापुढे त्या मुलाने कोणते काम केले, किती काळ केले आणि कसे केले, हे दोन ओळींत लिहावे. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिण्यास सरपंचांनी विधी शाखेच्या विद्यार्थ्याची मदत घ्यावी. शिक्षकांनी त्याला तालुक्याच्या न्यायालयात नेऊन एखाद्या वकिलाशी परिचय करून द्यावा. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या गावातील एखाद्या विधवेच्या वाट्याच्या जमिनीचा दावा उभा राहील, तेव्हा तिची भाषा आणि तिचा सातबारा दोन्ही जाणणारा वकील तालुक्यात असावा, असे वाटत असेल, तर आजच्या उमेदवाराला आपण हात दिला पाहिजे.